चोपन्न सालची दोन बक्षिसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



ऑगस्ट २०२५ मध्ये ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान ‘श्यामची आई’ला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेरूळच्या आमच्या विरंगुळा केंद्रात चहाच्या वेळी एकच गोंधळ. एक आजोबा म्हणाले, “अहो, या सिनेमाला तर माझ्या लहानपणीच मिळालं होतं!” दुसरे म्हणाले, “मग आता परत कसं देतील?” दोघांचंही चूक नव्हतं. आता मिळालं ते सुजय डहाके यांच्या २०२३ सालच्या चित्रपटाला. लहानपणी मिळालं होतं ते आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या चित्रपटाला. आणि ते काही साधंसुधं बक्षीस नव्हतं. स्वतंत्र भारताच्या सरकारनं चित्रपटांना पहिल्यांदाच दिलेल्या पुरस्कारांतलं ते पहिलं सुवर्णपदक होतं.

त्या गोंधळातून एक ठरलं. केंद्राच्या हॉलमध्ये पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, दुपारी वेळच वेळ आहे. १९५४ साली ज्यांना बक्षिसं मिळाली ते चित्रपट लागोपाठ बघायचे. त्या दुपारांविषयी आज मी बोलणार आहे. पण आधी ते १९५४ साल थोडं सांगायला हवं.

आम्ही तेव्हा गिरगावात राहत होतो. मी आठ-नऊ वर्षांचा. २१ मार्च १९५४ ला धोबीतलावच्या मेट्रो थिएटरात ‘फिल्मफेअर’ मासिकानं आपला पहिला पुरस्कार सोहळा केला. माझा धाकटा काका मेट्रोसमोरच्या गर्दीत उभा होता आणि दिलीपकुमारची मान तेवढी दिसली, असं पुढे वर्षभर सांगत होता. त्या वेळी या पुरस्कारांना ‘क्लेअर’ म्हणत. टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ ते नाव होतं. हातात द्यायची ती काळी बाहुली, म्हणजे हात उंचावलेली स्त्री, घडवली होती आपल्या एन. जी. पानसरे यांनी. मराठी शिल्पकाराच्या हातची ही मूर्ती देशभर टीव्हीवर दिसते आणि त्यांचं नाव मात्र कोणाला विचाराल तर सांगता येत नाही.

पहिल्या वर्षी बक्षिसं होती फक्त पाच. उत्कृष्ट चित्रपट ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक त्याचेच बिमल रॉय, अभिनेता ‘दाग’साठी दिलीपकुमार, अभिनेत्री ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी आणि संगीत त्याच चित्रपटासाठी नौशाद. संपली यादी. गायकाला नाही, गीतकाराला नाही. ‘बैजू बावरा’त तानसेन आणि बैजूचा जो सामना आहे तो गायला होता उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांनी. मेट्रोच्या मंचावर त्यांच्यासाठी काही नव्हतं. पुढे लता मंगेशकरांनी याच मुद्द्यावर पुरस्कार सोहळ्यात गायला नकार दिला आणि १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. सहायक भूमिकांची बक्षिसं १९५५ ला आली. त्या पहिल्याच खेपेला डेव्हिड यांना ‘बूट पॉलिश’साठी आणि उषा किरण यांना ‘बादबान’साठी ती मिळाली. हे अशासाठी सांगितलं की बक्षिसाची यादी ही त्या वर्षी कोणाचं काम दिसलं याची यादी असते. न दिसलेल्यांची यादी कोणी छापत नाही.

मेट्रोचा सोहळा हिंदी चित्रपटांचा होता. मराठीची दखल तिथे नव्हती. ती घेतली गेली दिल्लीत, १० ऑक्टोबर १९५४ ला. तेव्हा त्यांना राष्ट्रीय नव्हे, ‘राज्य पुरस्कार’ म्हणत. राज्य म्हणजे शासन या अर्थानं. १९५३ च्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला गेलं. ‘दो बिघा जमीन’ला मिळालं ते गुणवत्ता प्रशस्तिपत्र. म्हणजे मार्चमध्ये मुंबईत पहिला आलेला चित्रपट ऑक्टोबरमध्ये दिल्लीत मराठी चित्रपटाच्या मागे उभा होता. घरात केवढा आनंद! माझ्या आईनं शिरा केला होता. वडील म्हणाले, “अत्र्यांना मिळालं तर तू कशाला शिरा करतेस?” आई म्हणाली, “त्यांना नाही मिळालं, त्या आईला मिळालं.”

आमच्या घरी साने गुरुजींचं पुस्तक होतं. पालगड आमच्या दापोली तालुक्यातलंच, त्यामुळे ते आम्हाला घरातलंच वाटे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. चित्रपट बघायला गुरुजी उरले नव्हते, जून १९५० मध्ये ते गेले होते. वनमालाबाईंनी केलेली आई आणि माधव वझे यांनी केलेला श्याम बघताना सगळं थिएटर रडत होतं. द्रौपदीनं आपलं वस्त्र फाडून कृष्णाच्या बोटाला बांधलं, ते वसंत देसाईंच्या चालीतलं गाणं आईला पहिल्या दिवसापासून पाठ.

मी आजवर ‘श्यामची आई’ म्हणजे संस्कार आणि ‘दो बिघा जमीन’ म्हणजे गरिबी, असे दोन वेगळे कप्पे करून ठेवले होते. सत्तर वर्षांनी एका आठवड्यात दोन्ही बघितले आणि लक्षात आलं, अरे, ही तर एकच गोष्ट आहे. दोन्हीकडे कर्ज आहे. दोन्हीकडे कोर्ट आहे. दोन्हीकडे वाडवडिलांची वास्तू किंवा जमीन हातातून जाते. गुरुजींच्या पुस्तकात श्यामच्या घरावर जप्ती येते आणि गावात दवंडी पिटली जाते. लहानपणी तो भाग आई मोठ्यानं वाचत नसे. मनात वाचून पान उलटायची. ‘दो बिघा जमीन’मध्ये जमीनदाराला गिरणी उभारायची आहे आणि शंभू महतोची दोन बिघे जमीन मधेच आडवी येते. शंभू नाही म्हणतो. मग जमीनदार देणं काढतो. शंभूच्या हिशेबानं ६५ रुपये. घरातलं किडूकमिडूक विकून तो ते घेऊन जातो, तर वहीत निघतात २३५. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देतं आणि शंभू पोराला घेऊन कलकत्त्याला रिक्षा ओढायला जातो. म्हणजे हातानं ओढायची रिक्षा, माणसानं माणसाला ओढायची. बलराज साहनींनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की कलकत्त्यात त्यांना एक खरा रिक्षावाला भेटला आणि त्याचीही गोष्ट हीच निघाली. दोन बिघे जमीन, गावचा जमीनदार आणि कर्ज. ते ऐकल्यावर त्यांनी अभिनयाची पुस्तकं बाजूला ठेवली.

शंभूच्या म्हाताऱ्या बापाचं काम केलं आहे आपल्या नाना पळशीकरांनी. हॉलमध्ये ते पडद्यावर आले तेव्हा दोघा-तिघांनी “नाना!” म्हणून हाक मारली. त्यांना पुढे ‘कानून’साठी फिल्मफेअर मिळालं, पण १९५४ साली, मघा सांगितलं तसं, सहायक नटासाठी कप्पाच नव्हता.

आता आमच्या तात्यांविषयी सांगतो. तात्या आमच्या केंद्रातले. आगरी समाजाचे, वय पंचाहत्तरच्या पुढे, इथले मूळचे. आम्ही बाकीचे सगळे कुठून कुठून आलेलो. गिरगाव, दादर, सांगली, कोणी थेट नागपूर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करायचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाजणं. आम्हाला सिडकोच्या सोडतीत घर लागलं, १९८७ साली आम्ही राहायला आलो. तेव्हा इथे रेल्वे आली नव्हती आणि रात्री कोल्हे ओरडत. तात्या मला पहिल्यांदा भेटले तेव्हाच हसत हसत म्हणाले होते, “तुमच्या बिल्डिंगीखाली आमचं खळं होतं.” मीही हसलो होतो. अशा वेळी दुसरं काय करतात?

‘श्यामची आई’ संपला तेव्हा हॉलमध्ये सगळे डोळे पुसत होते. मी तर आठ वर्षांचाच झालो होतो. तात्या मात्र खुर्च्या आवरायला लागले होते. मी विचारलं, “आवडला नाही का?”

ते म्हणाले, “चांगला आहे. बाई चांगलीच होती. पण भाऊ, श्यामचा बाप खोत ना?”

म्हटलं, “हो. पण कर्जात बुडालेला.”

“बुडालेला, पण खोतच. माझ्या आईचं माहेर चरीकडचं. आमच्या आज्याच्या उरावर खोतच होता.”

श्रोतेहो, मला क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या आईच्या शिऱ्यात कोणीतरी खडा टाकला असं वाटलं. पण तात्यांनी पुढे जे सांगितलं ते मला शाळेत कोणी शिकवलेलं नव्हतं. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी संप पुकारला. पुढारी होते नारायण नागू पाटील. खोताच्या जमिनीत नांगर घालायचा नाही, असं पंचवीस गावांनी ठरवलं आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, पाळलं. त्या काळात तात्यांच्या आईच्या घरी जंगलातली लाकडं तोडून विकली, खाडीत चिंबोऱ्या धरल्या, आणि घरात भात शिजला तो कोणी दिला तर. त्याच संपाच्या मागोमाग १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

मी घरी येऊन तारखा ताडून पाहिल्या. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात लिहीत होते तो १९३३ चा फेब्रुवारी, आणि चरीचा संप १९३३ च्या ऑक्टोबरातला. एकाच वर्षात, एकाच कोकणात, एका खोताच्या घरावर जप्ती आल्याची गोष्ट लिहिली जात होती आणि दुसऱ्या टोकाला खोताला देणं नाकारणारी माणसं उपाशी बसायला तयार होत होती. आमच्या घराण्याकडेही खोतीतला एक आण्याचा वाटा होता. आजोबा तो अभिमानानं सांगत. त्या एका आण्याच्या पलीकडे कोण उभं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांशी भांडलो. म्हणजे आमच्या वयात जेवढं भांडता येतं तेवढं. म्हटलं, गुरुजी खोताच्या घरात जन्मले, पण खोत म्हणून जगले नाहीत. खानदेशात शेतकऱ्यांसाठी आणि अंमळनेरला गिरणी कामगारांसाठी झटले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. आणि ज्या बिमल रॉयनी शंभूची गोष्ट सांगितली ते स्वतःही ढाक्याकडच्या जमीनदार घराण्यातलेच! अत्र्यांचंही तसंच. सुवर्णपदक घेऊन ते थांबले नाहीत. त्यांचा पुढचा चित्रपट ‘महात्मा फुले’. जोतिबांच्या कामात बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाईंच्या कामात सुलोचनाबाई. पुढच्या वर्षापासून भाषावार रौप्यपदकं सुरू झाली आणि मराठीतलं पहिलं त्या चित्रपटाला गेलं, डिसेंबर १९५५ मध्ये. सावकार आणि कोर्टकचेऱ्यांपायी कुणबी कसा नागवला जातो हे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडणारा तो माणूस, त्याच्यावरचा तो चित्रपट.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “मग तो दाखवा की,” एवढंच म्हणाले.

पण त्याआधी ‘दो बिघा जमीन’ ठरलेला होता. हा चित्रपट कान महोत्सवातही १९५४ साली गाजला, तिथे त्याला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अलीकडे त्याची प्रत नव्यानं दुरुस्त केली आणि २०२५ साली ती व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. आमच्या पडद्यावरची प्रत अर्थात जुनीच, पावसासारख्या रेघा असलेली. तरी कोणी उठलं नाही. रिक्षा जोरात पळवण्यासाठी गिऱ्हाईक पैसे वाढवत जातं आणि शेवटी चाक निखळून शंभू पडतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी मोठ्यानं “आई गं” म्हटलं.

शेवट तुम्हाला आठवत असेल. शंभू, पारो आणि कन्हैया गावी परततात. जमिनीचा लिलाव झालेला आहे, तिथे गिरणी उभी राहते आहे. कुंपणाच्या कडेला वाकून शंभू मूठभर माती उचलतो. रखवालदार ओरडतो, काय चोरलंस, दाखव. शंभू मूठ उघडतो, माती खाली पडते. मग ती तिघं चालू लागतात.

दिवे लागले. तात्या जागेवर नव्हते. बाहेर चपलांच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं बोलले. जमीन गेली तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. पैसे मिळाले होते, लिलाव वगैरे काही नव्हता, कागद रीतसर होते. पहिल्या पावसाळ्याच्या तोंडावर आई म्हणाली, चुलीला माती हवी. त्यांच्या शेताच्या एका कोपऱ्यातली माती चिकट होती, चूल तिचीच घालायची, हे तिच्या सासूपासून ठरलेलं. वडील घमेलं घेऊन गेले. तिथे तारेचं कुंपण झालेलं होतं आणि एक रखवालदार बसला होता. तोही बिचारा कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. त्यानं काही शिवीगाळ केली नाही. “बाबा, आता इथलं काही न्यायचं नाही,” एवढंच म्हणाला. वडील रिकामं घमेलं घेऊन परत आले आणि आईला म्हणाले, “माती ओली आहे, उद्या बघू.” ते ‘उद्या’ कधी आलं नाही. पुढच्या वर्षी घरात स्टोव्ह आला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “तात्या, सिनेमात जमीनदारानं लुबाडलं होतं. इथे सरकारनं शहरासाठी घेतली. फरक आहे.”

“आहे ना,” ते म्हणाले. “तुम्हाला दिसतो तेवढा आहे.”

जानेवारी १९८४ मध्ये तात्या जासईला होते. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. तात्यांना त्यातला भूखंड मिळाला. त्यावर आज चार मजली इमारत आहे, मुलांची बरं चाललं आहे. ते स्वतःला गरीब म्हणवत नाहीत आणि कोणी कीव केलेली त्यांना खपतही नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी ऐकताना आपल्याला लगेच हळहळायची सवय असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा गावं हलवून बांधलेल्या इथल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा तात्या नातवाबरोबर कौतुकानं टीव्हीसमोर बसले होते.

तर त्या दिवशी चपलांच्या कट्ट्यावर तात्यांनी मला एक हिशेबी प्रश्न विचारला. “या सिनेमाला बक्षीस कधी दिलं म्हणालात?”

“चोपन्न साली. मुंबईत पहिलं, दिल्लीतही सन्मान.”

“म्हणजे सरकारनं बघितला होता.”

“बघितला असणार.”

“मग जमीन घेण्याचा कायदा कधी बदलला?”

नव्या मुंबईची जमीन घेतली गेली ती १८९४ च्या, इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याखाली. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, तारखा लक्षात राहतात. तो जाऊन नवा कायदा २०१३ साली झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. बोटांवर मोजलं. चोपन्न ते चौदा.

“साठ वर्षं,” मी म्हणालो.

तात्यांनी मान हलवली. मग चपला शोधायला वाकले, कारण कोणीतरी नेहमीप्रमाणे त्यांची एक चप्पल घालून गेलं होतं. जाताना वळून म्हणाले, “ते जोतिबांचं विसरू नका. खुर्च्या मी लावीन.”

‘महात्मा फुले’ची बरी प्रत मी तेव्हापासून शोधतो आहे. आपल्यापैकी कोणाकडे असेल तर आमच्या विरंगुळा केंद्रात जरूर आणून द्यावी. दुपारी तीनला आम्ही तिथेच असतो.